तुळशी म्हस्करचा आकडा

अंबरनाथच्या एका सरकारी कारखान्यात १९५४ साली नेमबाजीसाठी खास रायफल बनवायचं ठरलं. कारखान्यांच्या आपसातल्या स्पर्धेत इथला संघ चार वर्षं तळाला होता. काडतूस लष्करी थ्री-नॉट-थ्रीचंच वापरायचं, असा नियम. म्हणजे गोळीला हात लावता येणार नव्हता. जे काही करायचं ते नळीत.

नळीची मापं ठरवायचं काम ड्रॉइंग ऑफिसातल्या दिनानाथ कर्णिकांकडे आलं. लांबी सव्वीस इंच आणि जाडी नेहमीपेक्षा जास्त, म्हणजे नळी तापली तरी नेम हलणार नाही, हे त्यांनी एका दुपारी ठरवून टाकलं. अडलं ते आतल्या मापाशी. गोळीला फिरकी बसावी म्हणून नळीत खाचा पाडतात. त्या खाचा किती खोल घ्यायच्या? लष्करी रायफलीच्या, लढाईच्या काळातल्या ड्रॉइंगात खाचांच्या तळाचा व्यास तीनशे चौदा थाऊ होता. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

खात्री करून घ्यायला ते तपासणी खात्यात गेले. तिथे बायका लांब टेबलांशी बसून एकेक गोळी पोलादी कड्यांतून घालून बघायच्या. स्पर्धेच्या गोळ्या तुळशी म्हस्करकडे होत्या. ती जवळच्या जांभूळ गावची, तिशीतली, आठ वर्षं हेच काम करणारी.

"या गोळ्या कितीच्या आहेत, बाई?"

"तीनशे अकरा," ती मान वर न करता म्हणाली. "बाराच्या कड्यातून सुलकन जातान. अकराच्यान अडकतान."

"सगळ्या?"

"तीन हप्ते याच गोल्या बघतंय मी. तुमी नली केवढी करताव?"

"चौदा."

तुळशीचा हात थांबला. "चौदाच्या नलीत अकराची गोली? ती डुलत जाईल ना, साहेब. नेम कसा लागंल?"

दिनानाथांनी मूठभर गोळ्या उचलून आणल्या आणि मायक्रोमीटरने चाळीस मोजल्या. अडतीस बरोबर तीनशे अकरा, दोन अर्ध्या थाऊने कमी. त्यांनी नव्या ड्रॉइंगवर तीनशे अकरा लिहिलं आणि खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नोंद केली : 'गोळीचं माप : तुळशी म्हस्कर, तपासणी खातं.'

वर्क्स मॅनेजर विष्णुपंतांनी ते ड्रॉइंग टेबलावर आपटलं.

"मूळ माप विलायतेत ठरलंय, कर्णिक. नळी घट्ट झाली, दाब वाढला आणि फुटली तर?"

"गोळीपेक्षा लहान करत नाहीये, साहेब. गोळीएवढीच करतोय. विलायतेत लढाईच्या घाईत हजारो नळ्या काढायच्या होत्या, म्हणून सैल ठेवल्या. आपल्याला एकच काढायचीय. फुटली तर जबाबदारी माझी. लिहून देतो."

"आणि हे नाव? मजूर बाईचं नाव ड्रॉइंगवर?"

"माप तिचं आहे."

विष्णुपंतांनी कागद लिहून घेतला आणि मगच नळी करायला परवानगी दिली.

नळी तयार झाली. पहिल्या चाचणीला रायफल लोखंडी घोडीवर आवळून बांधली, वाळूच्या पोत्यांआड सगळे उभे राहिले आणि लांबून दोरी ओढली. दहा बार झाले. दिनानाथांनी जाऊन नळी आतून-बाहेरून तपासली. कुठेही चीर नव्हती. मग संघातला हरिचंद्र जमिनीवर पालथा पडला आणि त्याने शंभर यार्डांवर पाच गोळ्या झाडल्या. जुन्या रायफलीने पाच भोकं पंजाएवढ्या जागेत पसरायची. आज ती रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली.

विष्णुपंतांनी निशाणाचा भोकं पडलेला कागद उचलून बघितला. मग म्हणाले, "आकडा राहू दे. ड्रॉइंगची साफ प्रत काढा, नाव वगळून."

"मी काढणार नाही," दिनानाथ म्हणाले.

"दुसरा कोणी काढेल."

ही गोष्ट दुपारच्या सुट्टीत तपासणी खात्यात पोचली. तुळशीने डबा तसाच झाकला आणि ती सरळ मॅनेजरच्या खोलीत गेली. दारातल्या शिपायाने अडवलं, तर त्याला बाजूला सारून आत शिरली.

"माजं नाव काढताव असा ऐकला."

"बाई, हे तुमचं काम नाही. जा."

"नाव काढायचा तर आकडा बी काढा. अकरा पुसा न् चौदा लिवा. आकडा माजा हाय."

"बदली करीन."

"करा. पन दोन्ही पुसल्याबिगर मी हलनार नाय."

ती खरंच हलली नाही. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी खिडकीशी उभीच. दारात कारकून जमले. तिच्या मागोमाग दिनानाथही येऊन तिच्या शेजारी उभे राहिले. शेवटी विष्णुपंतांनी ड्रॉइंग कपाटात फेकलं. "राहू दे तसंच. जा आता!"

सोमवारी तुळशीची बदली पॅकिंगमध्ये झाली. दिवसभर खोक्यांना खिळे ठोकायचं काम. घरी सासू म्हणाली, "एका नावासाठी बसल्या जागेचा काम घालवलास." तुळशी म्हणाली, "घालवला." तिच्या हाताला फोड आले, पण तिने माफीचा अर्ज लिहून दिला नाही. दिनानाथांनी दोनदा सुचवून पाहिलं, तेव्हा तिने त्यांनाच दटावलं.

फेब्रुवारीत स्पर्धा झाली. संघ दुसरा आला. विष्णुपंतांचा हार घातलेला फोटो निघाला, चषक त्यांच्या खोलीत गेला, आणि वरून आणखी तीन नळ्यांची मागणी आली. मधल्या काळात गोळ्यांचा नवा माल आला होता. ड्रॉइंग ऑफिसने आकडा विचारला, तर तपासणी खात्यातून एकाच मालाची तीन वेगवेगळी मापं आली.

विष्णुपंत स्वतः पॅकिंगमध्ये आले. तुळशी खोक्यावर गुडघा रोवून खिळा ठोकत होती.

"म्हस्करबाई, नव्या गोळ्या मोजून हव्यात. उद्यापासून जुन्या जागेवर या."

तिने खिळा पुरता आत बसवला, मग उठली.

"येतंय," ती म्हणाली. "पन पहिला लिवून द्या, का माप माज्या नावानं जाईल. नव्या तिन्ही नल्यांच्या कागदांवर."

खिशातलं पेन काढायला विष्णुपंतांना थोडा वेळ लागला. तोवर ती हातोडी धरून उभी राहिली.