खोट्या रोबोचा खरा खोका

मी खोका बोलतोय. पुठ्ठ्याचा, झाकणाचा, वर लाल छातीच्या रोबोचं चित्र असलेला. रोबोची कहाणी ऐकायला आला असाल तर माफ करा, त्याचं कौतुक सगळेच करतात. मला एका माणसाचं उट्टं काढायचं आहे आणि ते मी तुमच्या मदतीने काढणार आहे.

माझा जन्म खेळण्यांच्या एका कारखान्यात झाला. एका बाईने माझे चार कोपरे दुमडले, त्यांना तारेचे टाके मारले आणि मला पुढे सरकवलं. पुढच्या टेबलावर माझ्यात पत्र्याचा रोबो उताणा झोपवला. चौकोनी डोकं, छातीत दिवा, पायाखाली चाकं. मी त्याच्याच मापाने बेतलेला होतो, त्यामुळे तो माझ्यात अगदी चपखल बसला.

एका मामाने आम्हाला भाचीसाठी घरी नेलं. पोरगी गुणाची होती. खेळून झालं की रोबोला माझ्यात झोपवायची आणि झाकण हळूच दाबायची. फक्त एक खोड होती. आई म्हणायची, "सेल काढून ठेव गं, पाझरतील." ही म्हणायची, "काढते ना!" आणि काढायची नाही.

पुढे ती मोठी झाली, आम्ही कपाटावर गेलो आणि सेल पाझरले. रोबोच्या पाठीचा पत्रा खात खात ते पाणी माझ्या तळावर उतरलं. तळहाताएवढा हिरवट पांढरा डाग पडला. तेव्हा मी रोबोवर फार चिडलो होतो. पण वर्षानुवर्षं एकमेकांत राहिल्यावर राग किती दिवस टिकणार? त्याच्या पाठीवरची जखम आणि माझ्या पोटावरचा डाग, दोन्ही एकाच ठिकाणी होते.

मग दुकानदार आला. पोरीचे केस तोवर पिकले होते आणि ती घर बदलत होती. जुनी खेळणी विकत घेणारा हा माणूस जिभेवर खडीसाखर ठेवूनच बोलतो. "ताई, अजिबात काळजी करू नका. ही जोडी मी फोडणार नाही. फोडणाऱ्याचे हात झडतील." ताईंचा विश्वास बसला. त्यांनी माझ्यावरची धूळ हाताने झटकली आणि आम्हाला त्याच्या स्वाधीन केलं.

आठवडाभरात त्याने रोबो बाहेर काढला. मला वाटलं, पुसायला काढला असेल. त्याने तो परगावच्या एका माणसाला नुसताच विकला. त्याचे हात अजून झडलेले नाहीत, मी रोज बघतो.

मला का ठेवलं, ते मागच्या खोलीत कळलं. तिथे त्याचा मेहुणा काम करतो. खोलीत एक नवाकोरा रोबो आला, माझ्या रोबोची हुबेहूब नक्कल. त्या नकलेवर माझा काही राग नाही. बिचारा आपल्या कारखान्याचं नाव तळपायावर मिरवत, नवं खेळणं म्हणूनच आला होता. मेहुण्याने ते नाव कानशीने घासून काढलं, त्याला मिठाच्या पाण्याने गंज चढवला, चहाच्या पाण्याने पिवळा केला, कडा पॉलिश पेपरने झिजवल्या आणि माझ्यात झोपवला. तो माझ्यात खुळखुळत होता.

गिऱ्हाईक जरा कचरलं की दुकानदार मला पुढे करायचा. "रोबोवर शंका घ्या हो, पण हा खोका बघा! हा सेलचा डाग बघा! असा डाग कुणाला पाडता येतो का?" त्याचा प्रत्येक शब्द खरा होता, हेच मला झोंबायचं. माझ्या खरेपणावर तो खोटा माल खपवू बघत होता आणि मला तोंड नव्हतं. तेव्हापासून मी त्याच्यावर डूख धरला.

एका रविवारी दुकान भरलेलं असताना एक बाई आल्या. दातांच्या निवृत्त डॉक्टर, हौस पत्र्याच्या रोबोंची. त्यांनी पर्समधून लांब दांडीचा चिमुकला आरसा काढला, रोबोच्या पाठीचं झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "हं, आ कर बाळा."

दुकानदाराने लगेच मला पुढे ढकललं. "मॅडम, आधी हा डाग बघा."

"सेलचा आहे ना?"

"शंभर टक्के सेलचा!"

"मग सेल पाझरले ते याच्याच पाठीतून ना? इथे तर पत्रा चकचकीत आहे." डॉक्टरांनी आरसा आत फिरवला. "हिरडी सडलीय आणि दात कालचा, असं कसं हो? आणि आत हे स्टार स्क्रू. माझ्याकडे याची दोन भावंडं आहेत, दोघांना साधे एका खाचेचे आहेत. रंगही बघा, सगळ्या कडांवर सारखा गेलाय. मूल खेळणं धरतं एका जागी, तिथला रंग जातो. हा कुणीतरी बसून घासलाय."

दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने स्वतःच्या बोटाने दाखवलेल्या डागाने त्याला तोंडघशी पाडलं होतं! मला इतका आनंद झाला की काय सांगू.

पण तो कसला वरमतोय! त्याने मागच्या दाराकडे बोट केलं. "मला काय ठाऊक, मॅडम? हे सगळे धंदे याचे. बायकोचा भाऊ म्हणून ठेवून घेतलाय." दारात मेहुणा ब्रश घेऊन उभा होता. त्याचे कान लाल झाले, पण तो काही बोलला नाही. गिऱ्हाइकं एकेक करून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने मला मेहुण्यासमोर आपटलं. "हा डागच नडला. तळ काप आणि दुसरा बसव."

माझा तळ कापला गेला. माझ्या रोबोची तेवढी एकच खूण माझ्याकडे उरली होती, ती कचऱ्याच्या डब्यात गेली. हे मी दुकानदाराला कधीच माफ करणार नाही.

मेहुण्याने मिक्सरचा एक खोका घेतला. "भाऊजी, हा पुठ्ठा चालेल का?"

"कुठलाही लाव. तुझी अक्कल नकोय मला," दुकानदार बाहेरूनच ओरडला.

मेहुण्याने पुठ्ठा उलटा केला. त्यावर काळ्या पट्ट्यांचा बारकोड होता. त्याच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने पुठ्ठा असा कापला की बारकोड बरोबर मधोमध आला. छापील बाजू वर ठेवून त्याने तो बसवला, वरून जुना पिवळा कागद चिकटवला आणि हळूच पुटपुटला, "पुन्हा माझं नाव घेऊन तर बघ, भाऊजी."

आता मी काचेच्या कपाटात आहे. पोटात दुसरी नक्कल आहे. दुकानदाराने नवं पालुपद धरलंय, "तळ बघा, एक डाग नाही! किती जपलेला माल!" आणि आज काउंटरपाशी तुम्ही उभे आहात. खोका खरा आहे म्हणजे रोबोही खराच असणार, असं तुम्ही मनाशी म्हणताय.

माझं एवढं ऐका. रोबो बाजूला ठेवा आणि माझ्या तळाच्या डाव्या कोपऱ्यात नख घाला. तिथे मेहुण्याने मुद्दाम डिंक लावलेला नाही. कागद उचला आणि मोठ्याने विचारा, इतक्या जुन्या खोक्यात बारकोड कुठून आला? दुकानात माणसं असताना विचारा. दुकानदार पुन्हा मागच्या दाराकडे बोट दाखवेल. तेव्हा तुम्हीही तिकडे बघा, कारण या वेळी मेहुणा बोलणार आहे.