पत्र्याचे कान

मी रोमन घोडेस्वाराचा टोप बोलतोय, पण रोमचा तोरा माझ्याकडे नाही. माझा जन्म सौदीतल्या हुफूफच्या एका वर्कशॉपमधला, एसीच्या डक्टसाठी आणलेल्या पत्र्यातून. वर पितळी रंग दिलाय म्हणून भाव खातो, इतकंच. पुढचं मात्र मान खाली घालूनच सांगावं लागणार.

मला घडवलं गुणाजीने. लांज्याचा माणूस, पंचवीस वर्षं डक्ट बनवतोय. हिवाळ्यातल्या मेळ्यात रोमन घोडेस्वारांचा खेळ ठरला आणि त्याच्यापुढे चित्रांचा कागद आला. त्यात माझे पूर्वज ओळीने होते. पहिले साधे, उपड्या वाटीसारखे. पुढच्यांच्या डोक्यावर पत्र्यातच ठोकलेले कुरळे केस. मग गालपट्ट्या कानांवरून ओढून घेतलेल्या, घोडेस्वारावर बाजूने वार यायचे म्हणून, आणि वर शोभेचे कान उठवलेले. शेवटच्या चित्रात त्या कानांमध्ये दोन ठिपके होते, भोकांचे.

गुणाजीने कान असे उठवले की कुणालाही हात लावून बघावंसं वाटे. भोकं मात्र पाडली नाहीत. डक्टवाल्याच्या पत्र्याला भोक म्हणजे हवा गळणार, म्हणजे अब्रूच गेली. ठिपके छपाईतले असतील म्हणून त्याने सोडून दिले. अंगाला एक छिद्र नाही म्हणून मीही फुगलो होतो.

मला घालायचा शाहिद. श्रीवर्धनचा, बापाचा टांगा होता, घोड्यांतच वाढलेला. कामगारांच्या कॅम्पात तो आणि गुणाजी एकाच खोलीत राहायचे, आणि गुणाजीच्या हातचं कुळथाचं पिठलं त्याला फार आवडायचं.

सरावाला घोडा भरधाव असताना खोगिराचा तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालचा पट्टा, सुटला. कठड्याशी उभ्या गुणाजीने ते पाहिलं आणि बेंबीच्या देठापासून हाका मारल्या. त्या माझ्यावर आपटून तिथेच संपल्या. शाहिद पडला, खांद्याचं हाड मोडलं.

चौकशीत सगळे म्हणाले, हाका मारल्या पण याने मनावर घेतलं नाही. मॅनेजरने मला उलटंपालटं करून गुणाजीला विचारलं, यात काही खोट आहे का. गुणाजीच्या हातात तो चित्रांचा कागद होता. तो त्याने घडी करून खिशात घातला.

"टोप ठीक है, साहब," तो म्हणाला.

शाहिदचं फायनल एक्झिट लागलं, म्हणजे नोकरी संपली, कायमचं घरी. निघताना हात गळ्यात बांधलेला शाहिद म्हणाला, "दादा, सगळे बोलतात तू हाका मारल्यास. माझ्या कानावर एक पण नाय आली. तुझा तरी विश्वास आहे ना?"

"आहे रे," गुणाजी म्हणाला, आणि त्याची बॅग उचलून गाडीत ठेवली.

गाडी गेल्यावर त्याने ड्रिल घेतलं आणि माझ्या दोन्ही कानांना भोकं पाडली. आता माझ्यातून सगळं ऐकू येतं. मी मेळ्याच्या दाराशी काचेत असतो. कारागिराने स्वाराचा किती विचार केलाय बघा, असं गाईड लोकांना सांगतो, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. शाहिदचा फोन येतो. मला हाका खरंच ऐकू आल्या नाहीत हे मॅनेजरला एकदा सांग, मला परत बोलावतील, असं तो म्हणतो. माझ्या काचेशी उभा राहून गुणाजी "बघतो" म्हणतो.

तुम्ही कधी इकडे आलात तर माझ्या कानांची भोकं नीट बघा. कडा खरबरीत आहेत. गुणाजीने जन्मात पत्र्याची कड अशी सोडली नव्हती. दर शुक्रवारी तो इथेच उभा असतो. त्याला एवढंच विचारा, ही भोकं शाहिद पडायच्या आधी पाडलीस की नंतर. मी विचारलं असतं, पण त्या चौकशीत मीही मॅनेजरच्या हातातच होतो, आणि गप्प राहिलो.