चार पदरी सूत

सोलापुरात थंडी म्हटलं की परगावचे लोक हसतात. खुशाल हसू द्यावं. शहात्तर सालच्या जानेवारीत, भीमेवर धरण बांधलं जात होतं तेव्हा, भिंतीमागच्या पस्तीस फूट पाण्याच्या तळाशी त्यांनी तासभर उघडे हात धरून दाखवायचे होते. कल्लप्पा ते रोज करायचा.

कल्लप्पा पाणबुड्या होता. अंगात रबरी पोशाख, डोक्यावर पितळी टोप आणि वरून पंपानं येणारी हवा. अंग कोरडं राहायचं, पण मनगटाला रबराची पट्टी आवळली की पुढचे पंजे थेट पाण्यात. खाली काळोख, त्यामुळे धरणाच्या दरवाज्याचे बोल्ट हातानंच चाचपून बघायचे. नेमका या हिवाळ्यात हातांनीच दगा दिला. बोटं पांढरीफटक पडायची आणि वर आल्यावर सदऱ्याची बटणंही लागत नव्हती. त्याची दोरी धरणारा जोतीराम ती गुपचूप लावून द्यायचा. एकदा हे धरणाच्या इंजिनिअर साहेबांनी पाहिलं.

"कल्लप्पा, ज्याला बटण लावता येत नाही त्याला मी बोल्ट आवळायला खाली सोडू?" साहेब शांतपणे म्हणाले. "सोमवारी या दरवाज्याचे शेवटचे आठ बोल्ट आहेत. वर आल्यावर माझ्यासमोर स्वतःची बटणं लाव. काम तुझं. नाही जमलं तर मुंबईचा माणूस बोलावतो."

साहेब वाईट असते तर कल्लप्पानं त्यांना चार शिव्या तरी घातल्या असत्या. पण त्यांचं म्हणणं खरं होतं आणि तेच त्याला झोंबलं. पाण्याखालच्या कामाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, शिकायचीही इच्छा नव्हती.

त्यानं सोलापूर गाठलं. तिथं नबीलालचं ट्यूब-पंक्चरचं दुकान होतं आणि आपल्या हातून गेलेल्या ट्यूबमधून हवा निघाली तर धंदा सोडीन, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. कल्लप्पाचे पंजे कोरडे राहावेत म्हणून नबीलालनं गिरणीच्या रंगखात्यात घालतात तसले लांब रबरी हातमोजे घेतले. पोशाखाच्या बाहीवर मनगटाच्या पट्टीच्या जरा वर लाकडी कडं बसवलं, मोज्याचं तोंड त्यावर ओढलं आणि ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधलं. आत घालायला लोकरीचे मोजे. मग सगळं टबात बुडवलं. एक बुडबुडा आला नाही. नबीलालची छाती फुगली.

दोन दिवस कल्लप्पा घरी डोळे मिटून मोज्यांतून नट फिरवत बसला. बायको अक्कम्मा हातमागाच्या कांड्यांवर सूत भरता भरता बघत होती. "चुकतंय की," ती म्हणायची आणि तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

शुक्रवारी तो मोजे घालून उतरला. वीस फुटांवर रबर हाताला डसलं. आणखी खाली गेला तसं ते असं आवळलं की बोटं मिटेनात. वर येऊन पाहतो तर हातांच्या पाठीवर जांभळे वळ.

"सोड नाद," जोतीराम म्हणाला. "हात ऱ्हायले तर दुसरं काय बी करशील."

"दुसरं काय करू?" कल्लप्पानं विचारलं.

रविवारी नबीलालनं मोजे पुन्हा टबात बुडवले. "बघ, कुटं बी हवा सुटत न्हाय."

"सुटत न्हाय, हेच चुकलंय," कल्लप्पा म्हणाला. एसटीत बसल्यापासून तो हाच विचार करत होता. "वरची हवा पोशाखात येती म्हनून पानी मला दाबत न्हाय. पन माझ्या मनगटाची पट्टी ती हवा मोज्यात जाऊच देत न्हाय. मग पानी मोज्याला चेपनारच की."

"म्हंजे मी भोक पाडू?" नबीलालचा चेहरा पडला. आयुष्यभर भोकं बुजवलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे शिवीच होती.

"भोक नगं. वाट पायजे." कल्लप्पानं खिशातून अक्कम्माच्या कांडीवरचं सूत काढलं, चार पदरी करून पिळलं आणि मनगटाच्या पट्टीखालून घातलं. बाहीत तोंड लावून फुंकलं. मोजा हळूहळू फुगला.

नबीलालनं फुगलेला मोजा दाबून पाहिला. "मोजा फाटला तर पानी याच वाटंनं बाहीत शिरंल."

"हळूच शिरंल. तवर बोल्ट व्हतील."

सोमवारी पस्तीस फुटांवर कल्लप्पाचे हात उबदार होते. कित्येक आठवड्यांनी बोटं त्याची वाटत होती आणि काळोखात टोपाच्या आत तो एकटाच हसला. एक, दोन, पाच बोल्ट बसले. सहावा आवळताना लोखंडाच्या धारेनं डावा मोजा चिरला. बर्फासारखं पाणी आधी बोटांत आणि मग सुताच्या वाटेनं कोपरापर्यंत चढलं. दोरी ओढली की जोतीराम वर घेणार होता. कल्लप्पानं दोरीला हात लावला नाही. पाना डाव्या कोपरात दाबून धरला आणि उरलेले बोल्ट उजव्या हातानं आवळले. कामाला जास्त वेळ लागला एवढंच.

वर आल्यावर पोशाख उतरवला. डावी बोटं पांढरी, उजवी लालभडक. त्यानं सदरा अंगात घातला. जोतीरामचे हात सवयीनं पुढे आले. कल्लप्पानं मान हलवली, तसे ते मागे गेले.

पहिलं बटण लागलं. दुसरं निसटलं, मग लागलं. साहेब घड्याळ बघत नव्हते, त्याची बोटं बघत होते. गळ्याच्या बटणाशी कल्लप्पाला घाम फुटला, पण तेही एका हातानं लागलं.

"आणि डाव्या हाताचं काय?" साहेबांनी विचारलं.

"मोजा फाटला, साहेब. नबीलाल ठिगळ लावंल."

"कधीपर्यंत?"

"उद्यापत्तर."

"मग बुधवारी पुढच्या दरवाज्याला उतर," साहेब म्हणाले आणि जोतीरामकडे वळले. "तू फक्त दोरी धर."