कार्डावरची गाय

दक्षिण आफ्रिकेतल्या माहिकेंगच्या सरकारी दवाखान्यातली नर्स केनेलवे बारा तासांची पाळी संपवून घरी टेकली, तोच बँकेचा फोन आला. क्रेडिट कार्डाची मर्यादा वीस हजार रँडवरून चाळीस हजार करायची का?

शेजारी बसलेल्या धाकट्या भावाच्या, मोथुसीच्या खिशात दमडी नव्हती, पण मोठेपणाला तोटा नव्हता.

"हो म्हण, ताई! बाबांच्या थडग्यावर दगड बसवू त्या दिवशी गाय कापून रीतीप्रमाणे गावजेवण घालू."

"ही मिळकत नाही रे, उसनवारीची परवानगी आहे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक हात धुऊन जातील. हप्ते दोन वर्षं मी फेडीन."

तिनं बँकेला नकार कळवला आणि सुजलेले पाय बादलीत सोडले.

मोथुसी तिच्याजवळ सरकला.

"मग कोंबड्या तरी?"

"चार. रोखीनं. आणि निम्मे पैसे तुझे."