सत्यभामाबाईच्या घराची पाहणी

त्या काळी राळेगावात घर घ्यायचं झालं, की माणूस पटवाऱ्याकडे जायच्या आधी पंचफुलाबाईकडे जाई. पार वणीकडूनही लोक तिला एसटीनं न्यायला येत. एकदा एका घराच्या चुलीपाशी बसून तिनं नुसता वास घेतला आणि सांगितलं, या घरात तीन सुना नांदल्या अन् तिघीही डाव्या हातानं फुंकणी धरत. मालकानं आठवून पाहिलं. तंतोतंत खरं निघालं.

पण लोकांसाठी घरं पारखत फिरणारी ही बाई स्वतः तीस वर्षं कापसाच्या जिनाच्या खोलीत राहत होती. तिचा नवरा उकंडा जिनात गाठी बांधायच्या कामावर होता. आता त्याचे गुडघे बोलू लागले आणि मालकानं सांगितलं, पावसाळ्याआधी खोली मोकळी करा. त्यामुळे जन्मात पहिल्यांदा पंचफुला स्वतःसाठी घर पाहायला निघाली.

"लोकायचं घर पाह्यतानी चुकली तं लोक राह्यतात त्यात," ती उकंडाला म्हणाली. "इथं चुकली तं मरेस्तोवर आपल्यालेच राहाचं हाय."

"मंग नको चुकू ना," उकंडा म्हणाला आणि टोपी डोक्यावर ठेवली.

घर होतं सत्यभामाबाईचं, बौद्धवाड्याच्या शेवटच्या गल्लीत. बाई विधवा. तिची पोरगी राजूरला, जावई खदानीत कामाला. तिकडे जाऊन नातवंडं सांभाळायची म्हणून घर विकायला काढलेलं. किंमत बोलली होती ती ऐकूनच पंचफुलाच्या मनात किडा वळवळला. एवढं स्वस्त काहून?

ती ऐन वैशाखात, भर दुपारी पोचली. सकाळी घर नटलेलं असतं, संध्याकाळी अंधार त्याला झाकून घेतो. खरं घर पाहायचं तर दुपारी, असं ती सगळ्यांना सांगे. सांगे म्हणजे बाजारात, विहिरीवर, एसटीत, जो ऐकेल त्याला सांगे. पाणी मागायचं आणि ते कुठून, किती वेळानं येतं ते पाहायचं. कुत्रं कुठं निजतं ते पाहायचं, कारण ओल असलेल्या जमिनीवर शहाणं कुत्रं निजत नाही. एकच भिंत नव्यानं पोतारलेली दिसली तर तिथं नख खुपसायचं. वळचणीचं पाणी कोणाच्या अंगणात पडतं ते विचारायचं. आणि शेवटी शेजारणीकडे चिमूटभर मीठ मागायचं. तोंड वाकडं करून दिलं तर घर सोन्याचं असलं तरी घ्यायचं नाही.

"जय भीम, बाई. घोटभर पानी भेटन काय?" ती दारातच म्हणाली.

शब्द संपायच्या आत तीन घरांतून तीन तांबे आले. तिन्ही गार, तिन्ही घासलेले.

पंचफुलानं एक घोट घेतला आणि ओसरीकडे पाहिलं. बरोब्बर मधोमध कुत्रं निजलं होतं. झोपेतही त्याचा एक डोळा ओसरीच्या खांबाआडच्या भाकरीवर होता. तिनं आत जाऊन काठीनं आडं ठोकली, वासे ठोकले, छपरावरचे कवेलू मोजल्यासारखे पाहिले. लाकडाला कुठं उधई लागलेली नाही, एकटीच नव्यानं पोतारलेली भिंत नाही. वळचणीचं विचारायला ती वळली तर सत्यभामाच म्हणाली, "पानी माह्याच अंगनात पडते वो, कोनाच्या दारात नाही."

"मी इचारलं काय?"

"नाही. पन तुमी इचारनार होता ना."

पंचफुलानं पदर खोचला. ती शेजारच्या दारी गेली. तिथं बेबीताई उभीच होती. पंचफुलानं अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच बेबीताईनं वाटीभर मीठ तिच्या हातात ठेवलं.

"घ्या माय. अजून पाह्यजे काय?"

पंचफुला वाटीकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांत तिच्या परीक्षेत असं पैकीच्या पैकी कुठलंच घर पास झालं नव्हतं. उकंडा मागून कुजबुजला, "चांगलं घर दिसून राह्यलं."

"लय चांगलं दिसून राह्यलं," ती म्हणाली. "म्हनूनच तं."

आता तिला घरापेक्षा त्यात काय लपवलंय याचीच ओढ लागली. ती घराला वळसा घालून मागं गेली. मागच्या भिंतीला पाठ लावून चार बाप्ये ओळीनं उभे होते. त्यातला एक भीमराज, गवंडीकाम करणारा. चौघांच्याही कपाळावरून घामाच्या धारा. दहा पावलांवर कडुनिंबाची गार सावली पडलेली, आणि हे उन्हात.

"काय करून राह्यले रे?"

"गोष्टी सांगून राह्यलो, मावशी."

"सावलीत काहून नाही सांगत?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. "हवा हाय इथं," एक जण म्हणाला. पान हलत नव्हतं.

पंचफुला निंबाखाली बसली. तिनं चंची सोडली, पान लावलं. "या रे, पान खा."

"आनून द्या ना मावशी, इथंच खातो."

"जेवले काय?"

"भूक नाही," भीमराज म्हणाला, आणि त्याच्या पोटानं एवढ्या मोठ्यानं उत्तर दिलं की ओसरीवरचं कुत्रं भुंकलं.

पंचफुला उठली. दोघांच्या मधे घुसून तिनं स्वतःची पाठ भिंतीला लावली. भिंतीनं तिला भरल्या पोत्यासारखा रेटा दिला. पोट सुटलेली भिंत होती ती.

"कवापासून उभे हा?"

"सकाळपासून," भीमराज खाली पाहत म्हणाला. "तुमी येनार म्हनून कळलं तवापासून."

"अन् मी सांजच्याले आली असती तं?"

"तं सांजलोक."

सत्यभामा कोपऱ्यावर येऊन उभी होती. पदराचं टोक तिच्या दातात होतं. "तिघं येऊन गेले बाई घर पाहाले. भिंत पाह्यली का वापस जात. पोरीची तिसरी चिठ्ठी आली. ह्यायले मी नाही सांगतलं वो उभं राहाले. हेच म्हने, पंचफुलाबाई हुशार हाय, आपन काही तरी करू."

पंचफुलानं मनात हिशेब मांडला. भिंत मातीची, पाडून दगडाच्या पायावर उभी करता येते, गवंडी तर शेजारीच उभा आहे. पण निघून चाललेल्या बाईसाठी अख्खी गल्ली उन्हात भिंत धरून उभी राहते, हे काही विकत घेऊन मिळत नाही. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि पाठ आणखी घट्ट टेकवली.

"सत्यभामाबाई, घर मी घेतो. पन आधी भिंत पाडून नवी होईन, मंग कागद. मजुरी ह्या चौघायची फुकट, खोटं दाखवल्याचा दंड म्हनून. अन् किमतीत अजून उतरा लागन."

"अजून?"

"मावशी," भीमराज कळवळून म्हणाला, "सौदा मागून करा ना. भिंतीले लाकडी बल्ल्यायचा टेका तरी लावू द्या पयले!"

"सौदा झाल्याबिगर कोनी हलाचं नाही," पंचफुला म्हणाली. "हं, बोला बाई."

उकंडा निंबाखाली जाऊन बसला, आणि त्यानं टोपी काढून वारा घ्यायला सुरुवात केली.