दोघींचे नियम

नणंद पाणीपुरवठा केंद्रात सायबर सुरक्षा अधिकारी होती आणि भावजय वीज कंपनीत तेच काम करत होती. तरी लग्नाला वर्षं उलटली, आणि दोघींचं बोलणं ‘बरं चाललंय ना’च्या पुढे काही सरकलं नव्हतं. भांडण नव्हतं. भांडायलाही थोडी ओळख लागते.

त्या वर्षी दोन नव्या नियमावल्या आल्या. एक सायबर सुरक्षा प्राधिकरणाची, दुसरी अत्यावश्यक सेवा विभागाची. पाणी आणि वीज, दोघांनाही दोन्ही लागू. एका रविवारी नणंद आईला भेटायला भावाकडे आली, तेव्हा तिच्या पिशवीत दोन्हींचे गठ्ठे होते. जेवणाच्या टेबलावर तेच गठ्ठे आधीच पसरलेले.

“ताई, तुम्हालाही?” भावजयीने विचारलं.

“मलाही. सायबर हल्ला झाला तर सहा तासांत कळवायचं की चोवीस तासांत, ते कळलं का तुम्हाला वहिनी?”

“एकाला सहा तासांत, पण थोडक्यात. दुसऱ्याला चोवीस तासांत, पण इत्थंभूत. पासवर्डचं बघितलंत? एक म्हणतो दर तीन महिन्यांनी बदला, दुसरा म्हणतो उगाच बदलायला लावू नका.”

नणंदेने खुर्ची ओढली. भाऊ मुकाट्याने चहा ठेवायला गेला. संध्याकाळपर्यंत दोघींनी कलमामागून कलम शेजारी ठेवून पाहिलं. बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली होती. आणि हल्ल्यानंतर काम पुन्हा सुरू करण्याची आपली योजना, ज्या सेवेवर आपण अवलंबून आहोत तिच्या योजनेशी ताडून पाहावी, हे तर दोन्हींत होतं. दोघींनी आपापल्या साहेबांची परवानगी काढली आणि पुढच्या रविवारी योजना घेऊन बसल्या.

भावजयीने नणंदेची योजना वाचायला घेतली. “‘हल्ल्यानंतर वीजपुरवठा सुरक्षित असल्याचं वीज कंपनीने कळवल्याशिवाय यंत्रणा सुरू करू नये.’”

“बरोबर आहे. नियमच आहे तो.”

भावजयीने आपलं पान पुढे सरकवलं. नणंदेने वाचलं, “‘ग्राहकाने आपली यंत्रणा सुरक्षित असल्याचं कळवल्याशिवाय वीज जोडू नये.’ अगं, पण वीज आल्याशिवाय मी यंत्रणा तपासू कशी?”

“आणि तुमचा फोन आल्याशिवाय मी वीज देणार नाही.”

“म्हणजे मी तुझ्या फोनची वाट बघणार...”

“आणि मी तुमच्या.”

दोघींना हसू आवरेना. कोचावरून आई म्हणाली, “म्हणजे दोघी मानपान सांभाळत बसणार आणि गावाचे नळ कोरडे. या घरात नवीन नाही ते.” मग तर भाऊही कप खाली ठेवून हसायला लागला. नणंदेच्या तोंडून ‘तू’ निघून गेलं होतं. ते तिने परत घेतलं नाही.

तोडगा भावजयीने सुचवला. वीज सुरक्षित असल्याचं कळवून आधी फक्त पाणीपुरवठा केंद्राच्या नियंत्रण कक्षापुरती ती द्यायची. तिथली तपासणी झाली की नणंदेने फोन करायचा, मग पंपांना पूर्ण पुरवठा. दोन्ही नियमावल्यांत बसत होतं. प्राधिकरणाला आणि विभागाला पत्रं गेली आणि उत्तरं आली: एकत्र सराव करून दाखवा, आम्हा दोघांना मिळून एकच अहवाल चालेल.

सरावासाठी केंद्राने एक पंप वेगळा काढला. प्राधिकरणाचा एक आणि विभागाचा एक, असे दोन निरीक्षक नियंत्रण कक्षात येऊन उभे राहिले. ठरल्याप्रमाणे वीज तोडली आणि संगणकांचे पडदे काळे झाले. नणंदेच्या कानाशी फोन होता.

“पुरवठा सुरक्षित आहे. नियंत्रण कक्षाची लाइन देतेय,” भावजयीचा ऑफिसातला आवाज आला. इतका ठाम आवाज नणंदेने घरी कधी ऐकला नव्हता. तिला तो फार आवडला.

पडदे उजळले. नणंदेच्या माणसांनी एकेक यंत्र तपासलं, तिने स्वतः पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, “यंत्रणा स्वच्छ आहे. पूर्ण पुरवठा द्या.”

पायाखालची फरशी थरथरली. पंप घुमला, दाबाचा काटा हलला आणि सावकाश वर चढू लागला. एका निरीक्षकाने आपला अहवालाचा कोरा फॉर्म घडी घालून खिशात टाकला आणि दुसऱ्याच्याच फॉर्मवर सही केली.

“ताई, हललं का काही?” फोन अजून चालूच होता.

“हललं. ये ना इकडे, बघ तरी.”

भावजय स्कूटर काढून आली. पंपाशेजारी उभ्या राहून दोघी एकमेकींना काहीतरी सांगत होत्या. त्या घरघरीत एक अक्षर ऐकू येत नव्हतं, तरी दोघी माना डोलवत हसत राहिल्या.