कारभारींच्या नावाचं ताट

मी ताट बोलतोय. स्टीलचं, उभ्या काठाचं, चांगलं जड. हल्लीची ताटं उचलली की वाकतात. मला एकदा मांजरावर फेकून मारलं होतं, मांजर गाव सोडून गेलं आणि मला पोचासुद्धा पडला नाही.

सध्या मात्र मला बघाल तर तुमची जेवायची वासना उडेल. एका कडेला निळा, दुसऱ्या कडेला गेरूचा लाल आणि मधोमध मिशीचा काळा वाळून बसलाय. ही दशा कशी झाली ते सांगतो.

माझी खरेदी शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातली, सत्त्याहत्तर सालची. लक्ष्मीबाईंच्या लग्नाला आठ दिवस होते. दुकानदारानं विचारलं, ताटावर नाव कोणतं घालू? बाई शेजारीच उभ्या होत्या, पण होणाऱ्या नवऱ्याचं नाव घ्यायला जीभ रेटेना. शेवटी त्यांच्या भावानं सांगितलं आणि माझ्या काठावर कोरलं गेलं, ‘कारभारी’. तेव्हापासून बाई मला ‘त्यांचं ताट’ म्हणतात.

वेरूळजवळच्या खेड्यात कारभारी चौदा वर्षं माझ्यात जेवले. पाटावर बसायचे, मान खाली घालायचे, भाकरी कुस्करायचे आणि उठेपर्यंत वर बघायचे नाहीत. मला त्यांचं तोंड खालून दिसायचं. नाकपुड्या, मिशीला लागलेलं वरण, दाढी करताना हनुवटीवर नेमानं होणारी जखम. दोन गोष्टींचा त्यांना भारी राग. एक, बायकांनी दाताला मिसरी लावणं, आणि दुसरी, फोटो काढणं. फोटोनं आयुष्य कमी होतं म्हणायचे. एवढा जपून राहिलेला माणूस अडतिसाव्या वर्षी काविळीनं गेला, आणि मागं एक फोटो नाही.

त्यांच्या ताटात दुसरं कोण जेवणार? मला धुऊन ट्रंकेत ठेवलं. तीस-बत्तीस वर्षं मी डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडून होतो.

मला बाहेर काढलं त्यांच्या मुलानं, राजेंद्रनं. हा चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, आईला घेऊन शहरात मुकुंदवाडीत दोन खोल्यांत राहतो. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत त्याला क श्रेणी मिळाली होती. चाळिशी उलटल्यावर त्याच्या मनात त्या क श्रेणीचा सूड घ्यायचं आलं. रोज सकाळी सहा ते सात, कंपनीची बस यायच्या आत, बाल्कनीत बसून चित्र काढायचं असा नेम धरला. पहिल्या आठवड्यात घुमट-मिनारांचा मकबरा काढला. त्याची बायको रत्नमाला चहा घेऊन आली, मान वाकडी करून बघितलं आणि कुकर छान आलाय म्हणाली.

रंग कालवायला तिची ताटं जायला लागली तेव्हा तिनं भांड्यांच्या रॅकला हात लावायची बंदी केली. घरात कोणी जेवत नाही असं ताट एकच उरलं, ते मी.

तिसऱ्या दिवशी लक्ष्मीबाईंनी मला पाहिलं. त्यांच्या ताटात निळं कालवलं म्हणून त्यांनी लेकाला असा झाडला की खालच्या मजल्यावरच्यांनी टीव्हीचा आवाज बंद करून ऐकलं. दम लागला तशा त्या मटकन खाली बसल्या. हळूच विचारलं,

“माणसाचं तोंड जमतं का रं तुला?”

राजेंद्रनं ब्रश खाली ठेवला.

“मला त्यांचं तोंड आठवंना झालंय. उद्या वर गेले, तर एवढ्या माणसांत वळखायचं कसं?”

बाप गेला तेव्हा राजेंद्र दहा वर्षांचा. त्याला तरी कुठं धड आठवत होतं? पण आईचा चेहरा बघून तो बोलून बसला की यंदाच्या पितरांपर्यंत काढून देतो. हातात पाच महिने होते आणि क श्रेणी होती.

नाक कसं होतं, असं विचारलं की बाई म्हणायच्या, नाकासारखं. डोळे कसे? चांगले होते की. रंग? गव्हाळ, नाय, काळा, उन्हात कुठं कळतंय. एवढ्या माहितीवर पोलिसांनी चोराला घरी सोडून दिलं असतं. मी आपला राजेंद्रच्या मांडीवर पडून कासावीस व्हायचो. अरे बाबा, मला विचार ना! पण ताटाला कोण विचारतंय?

पहिलं तोंड पुरं झालं ते थेट शेजारच्या नानासाहेबांचं. बाल्कनीतून रोज सकाळी तेच दिसायचे, दात घासताना. नानासाहेब चित्र बघून गहिवरले आणि घेऊनच गेले. फ्रेम करून बैठकीत लावलं. लक्ष्मीबाई म्हणाल्या, नेलं ते बरं केलं, ह्यांच्यासंगं वर राहायचं म्हणजे लई अवघड.

मग राजेंद्रनं जिद्द धरली. महिनाभर नुसती नाकं, जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर. पुढं कान, मग मिश्या. पोळ्या लाटताना समोर चाळीस नाकं बघून रत्नमाला वैतागली, पण तिनं एकही फाडलं नाही. हात सुधारत होता, हे मी छातीठोक सांगतो. आधी माझ्यात सगळ्या रंगांचा चिखल व्हायचा. आता तो बोटाएवढा रंग घ्यायचा, कडेनं लावायचा आणि दोन रंग कुठं भेटवायचे ते त्याला कळायला लागलं होतं.

तरी प्रत्येक चेहऱ्याला आईची मान आडवीच. एकोणिसाव्याला त्या म्हणाल्या, माणूस चांगला दिसतोय, पण हे ते नाहीत. पितरं आठ दिवसांवर आली होती. राजेंद्रनं मला मोरीत उपडा घातला आणि दोन दिवस ब्रशला शिवला नाही. क श्रेणी बरोबरच दिली होती म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी रत्नमाला सासूबरोबर मेथी निवडत होती. सहज तिनं विचारलं,

“आत्याबाई, तुम्ही मामांजींकडं कधी नीट बघितलं होतं का?”

बाईंचा हात थांबला.

“सासू-सासऱ्यासमोर नवऱ्याच्या तोंडाकडं कोण बघतंय गं? मी आपली वाढायची. वाकल्यावर वरून दिसंल तेवढं बघायची.”

बाल्कनीत राजेंद्र ताडकन उठला. पाच महिने हा माणूस समोरून तोंड काढत होता, आणि आईनं नवरा पाहिला होता वरून! त्यानं मला मोरीतून उचललं, नानासाहेबांना बोलावून पाटावर बसवलं, पुढं जेवण वाढलं (माझ्यात नव्हे, साध्या ताटात) आणि स्वतः स्टुलावर चढला. नानासाहेब चार भाकरी खाऊन उठले. आता मात्र लक्ष्मीबाई अडखळल्या नाहीत. टोपी डावीकडं कललेली, मानेवर भाजल्याचा डाग, डावा हात गुडघ्यावर, भाकरी दाबताना अंगठा असा. तासभर बोलत होत्या.

पितरांच्या सकाळी चित्र स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवून ठेवलं. पाटावर मान घालून जेवणारा माणूस, तोंड दिसतं न दिसतंसं, नाकाचा शेंडा आणि मिशी. लक्ष्मीबाई बोटानं मिसरी लावत आत आल्या. चित्र दिसलं मात्र, झटकन बोट तोंडातून निघालं, मिसरीची डबी पदराखाली गेली आणि पदर डोक्यावर आला. मग डोळे पुसत म्हणाल्या,

“हे बैठकीत लाव. इथं लावलंस तर माझी मिसरी बंद पाडशील.”

रत्नमाला हसली आणि तिलाही रडू आलं. राजेंद्रची त्या दिवशी बस चुकली.

चित्रात मधोमध मी आहे, लख्ख, काठावर नाव घातलेला. हनुवटीवरची जखम तेवढी राहिली, पण मला कोणी विचारलं नाही, मी बोललो नाही.

काल रत्नमाला घासणी घेऊन आली होती. म्हणाली, काम झालं, आता ताट पहिल्यासारखं करू. लक्ष्मीबाईंनी तिचा हात धरला. राजेंद्रला म्हणाल्या, आता माझं तोंड काढ, समोरून, मी जाताना संगं नेते. त्यानं विचारलं, तुझं कशाला?

“चौदा वर्षं मान खाली घालूनच जेवले की. त्यांनी तरी मला कुठं बघितलंय?”

तेव्हा बायांनो, इतक्यात मला घासू नका.